आठवा धागा

"या वेळचा डोळा सूनबाईला करू दे," ताई म्हणाली, आणि चष्मा काढून रुमालाने पुसू लागली.

चहात साखर जरा कमी टाक म्हणावे, तितक्या सहज ती हे म्हणाली. त्या क्षणी तो कुंचल्याचे टोक ओठांनी जुळवत होता. ही सवय वाईट, रंग पोटात जातो, हे त्यानेच इतरांना शेकडो वेळा बजावले होते. पण सदतीस वर्षांची सवय जात नाही. ताईचे वाक्य कानावर पडले आणि कुंचला ओठांत थोडा जास्तच वेळ राहिला. तपकिरी रंगाची कडू चव जिभेवर पसरली. त्याने ती गिळून टाकली.

"का? माझा हात कापतो का?"

"कापतोय कुठे! सुईत दोरा तू अजून पहिल्या फटक्यात ओवतोस. मला तर दोन्ही डोळे असते तरी जमलं नसतं." ताई स्वतःच्या विनोदावर आधी स्वतः हसायची. "पण तिलाही शिकू दे की, बारक्या."

"ती शिकली आहे."

"मग झालं तर."

मागच्या बाकावर घासणीचे चाक थांबले. सूनबाई नाकावरची पट्टी खाली ओढून म्हणाली, "मी? अहो आत्या, बाबा असताना मी कशी करू?"

"बाबा असताना म्हणजे काय? तो काय पळून चाललाय?"

तो हसला. हसणे भागच होते. मग वळून त्याने उगाच खिडकीची कडी लावली, पुन्हा काढली. एकसष्टाव्या वर्षी माणसाला बहीण 'बारक्या' म्हणते तेव्हा एरवी बरे वाटते. त्या दिवशी त्या शब्दाने तो खरोखरच सहा वर्षांचा झाला, आणि छातीत, घशाच्या थोडे खाली, एक जुनी जागा चरचरली. ती जागा त्याच्या ओळखीची होती. फार वर्षांनी भेटलेल्या माणसाचे नाव आठवू नये पण चाल ओळखू यावी, तशी.

नेत्ररुग्णालयाच्या तळमजल्यावरची ती लांबट खोली म्हणजे त्याचे अर्धे आयुष्य. तीन बाके, एक दाबयंत्र, पाणी उकळायची टाकी आणि भिंतीला लावलेले खणांचे कपाट. प्रत्येक खणात रंग, मेण, आणि कोणाचे तरी जुने डोळे. लोक त्यांना काचेचे डोळे म्हणतात, पण ते प्लास्टिकचे असतात. ज्यांचा एक डोळा गेला आहे त्यांना दुसऱ्यासारखा दिसणारा डोळा करून द्यायचा, एवढाच हा धंदा. त्यातून दिसत काही नाही. पण समोरच्याला तो दिसतो, आणि समोरच्याची नजर अडखळली नाही की माणूस मान वर करून चालतो. ताईचा डावा डोळा ती नऊ वर्षांची असताना गेला. तो चोवीस वर्षांचा झाला, हे काम शिकला आणि पहिला डोळा त्याने तिचा केला. असे डोळे पाच-सहा वर्षे टिकतात, मग खोबणी बदलते, रंग उतरतो, नवा करावा लागतो. आजवर त्याने तिचे सहा केले. सहाही त्याला पाठ होते. बाकी जगाचे डोळे त्याने पोटासाठी केले असतील, ताईचे मात्र... पण हे त्याने कधी कोणाजवळ बोलून दाखवले नव्हते, आणि असे बोलण्याजोगे आता कोणी घरात उरलेही नव्हते. बायको जाऊन चार वर्षे झाली होती.

सूनबाईला त्यानेच शिकवले. लग्न होऊन आली तेव्हा ती शाळेत चित्रकला शिकवायची. एकदा डबा द्यायला म्हणून खोलीत आली आणि दोन तास बुबुळ रंगवताना बघत उभी राहिली. त्याला ते इतके आवडले की रात्री जेवताना त्याने मुलाला सांगितले, "तुझ्या बायकोला नजर आहे." तीन वर्षे त्याने तिला हातचे काही राखून न ठेवता दिले. मेण कसे तापवायचे, काळ्या चकतीवर रंगाचे पातळ थर कसे चढवायचे, तांबड्या रेशमाचा एकेक तंतू कसा उसवायचा आणि पांढऱ्यावर शिरा म्हणून कसा निजवायचा. शिकवताना त्याला आनंद होई. मग एक दिवस एक बसचालक दोन महिन्यांनी परत आला, पेढ्यांचा पुडा आणला आणि म्हणाला, "माझ्या पोरीला अजून कळलं नाही हो, कुठला डोळा खोटा ते." पुडा घ्यायला त्याने हात पुढे केला. चालक म्हणाला, "नाही, म्हणजे, त्या मॅडमनी केला होता ना?" त्याने पुडा घेऊन हसत सुनेकडे दिला. पेढा मात्र खाल्ला नाही. दात दुखतो म्हणाला. तेव्हापासून त्याचा हा दात अधूनमधून दुखे. कोणी तिचे नाव विचारत आले की दुखे. मोठ्या डॉक्टरीणबाई खाली येऊन तिच्याच बाकाशी उभ्या राहिल्या की दुखे. घरी ती "बाबा, ताक घेता का?" म्हणून विचारी, तेव्हा त्याला स्वतःची लाज वाटे, आणि त्या लाजेचाही राग तिच्यावरच निघे.

ताईचे माप घेणे सोमवारी सुरू झाले. दोघी समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशा बसल्या. तो स्वतःच्या बाकावर पाठ करून बसला, पण कान काही पाठ करत नाहीत. "माझ्याकडे बघा, आत्या. नाकाकडे नाही हो, डोळ्यात बघा." मग खसखस. मग ताईचा आवाज, "तुझ्या डाव्या पापणीला एक पांढरा केस आहे गं." "असू दे, उपटू नका." पुन्हा खसखस. इतके हसण्यासारखे काय आहे? त्याच्या खुर्चीत बसून ताई कधी हसली नव्हती. ती यायची, बसायची, तो म्हणायचा "खिडकीकडे बघ," आणि ती खिडकीकडे बघत राहायची. तास न् तास. खिडकीबाहेर सायकली लावायची जागा आणि एक भिंत. मधून ती म्हणे, "बारक्या, त्या भिंतीला आता रंग द्यायला सांग." तो हं म्हणे. झाले. काम चोख व्हायचे. कामात हसणे हवेच कशाला? त्याने खोक्यातला एक तयार डोळा उचलला, उगाच पुसला, ठेवला. अंगाचा नुसता तिळपापड होत होता, आणि हात मात्र नेहमीसारखे शांत. या हातांचाच त्याला भारी अभिमान होता.

मंगळवारी तिने पांढऱ्याला रंग दिला. तो पाणी प्यायला उठला आणि जाता जाता बघितले. पिवळट झाक, कोपऱ्यात राखाडी, खालच्या बाजूला एक मळकट डाग. कळकट, त्याच्या मनात आले. ताईचा डोळा त्याने नेहमी स्वच्छ केला होता, दुधासारखा, तिचा होता तसा. 'होता तसा' म्हणजे कधी होता, हे त्याने स्वतःला विचारले नाही. पण ते चित्र त्याच्यापुढे विचारण्याआधीच येऊन उभे राहिले. जमिनीवर पसरलेला कागद. दोघे पोटावर पालथे. वडिलांनी ताईला कंपासपेटी आणली होती, कारण ती पुढच्या वर्गात गेली होती, आणि ती कर्कटकाने वर्तुळ काढून दाखवत होती. तिचे वर्तुळ जिथून निघाले तिथेच येऊन मिळे. त्याचे मिळत नसे. सुई घसरे, रेघ शेजारून निघून जाई. वडील वरून म्हणाले, "बघ, ताईचं कसं झालं." एवढेच म्हणाले. वाईट काहीच म्हणाले नाहीत. आणि ताई म्हणाली, "थांब, तुला शिकवते." त्याच वेळी घशाखाली ही जागा पहिल्यांदा चरचरली. त्याने कर्कटक ओढले. तिने सोडले नाही. मग सोडले. पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे: पोरे खेळत होती, ओढाओढीत लागले, कोणाचा दोष नाही. घरात कोणी त्याला बोट लावले नाही. ताईने तर दवाखान्यातून आल्यावर कंपासपेटीच त्याला देऊन टाकली. पण ओढताना त्याला कर्कटक नको होते. तिचे ते वर्तुळ मोडायला हवे होते. हे फक्त त्यालाच ठाऊक होते, आणि पंचावन्न वर्षांत ते शिळे झाले नव्हते.

बुधवारी सकाळी दाढी करताना त्याला आरशात आपला उजवा डोळा दिसला. बुबुळाच्या बाहेरच्या बाजूला पांढऱ्यावर रक्त सांडले होते, लाल शाईचा थेंब टिपकागदावर पसरावा तसे. दुखत नव्हते, पाणी येत नव्हते. नुसते लाल. तो बघत राहिला, आणि त्याच्या मनात आले ते असे की, आता सगळ्यांना दिसणार. काय दिसणार, ते मात्र नाही.

सूनबाईने पाहिले आणि तिच्या हातातली वाटी खाली आली. "अहो बाबा, डोळ्याला काय झालं?"

"काही नाही. जागरण."

"जागरण कुठलं? साडेनऊला घोरत होता तुम्ही. आज वर जाऊन दाखवून या."

"बघू."

दुपारी ताईला घेऊन ती समोरच्या उपाहारगृहात जेवायला गेली. "बाबा, चला ना." "माझा दात." दोघी गेल्या. बाहेर सायकलींच्या मधून ताईने तिचा हात धरलेला त्याला खिडकीतून दिसला. डाव्या बाजूचे ताईला दिसत नाही, म्हणून तिच्या डाव्या हाताला नेहमी कोणीतरी असावे लागते. लहानपणी शाळेच्या वाटेवर तो असे.

सुनेच्या बाकावर काचेच्या झाकणाखाली डोळा होता. धागे निजवून झाले होते. जेवून आली की त्यावर पारदर्शक थर चढवून ती तो दाबयंत्रात घालणार, आणि मग आतले आत कायमचे. त्याने झाकण उचलले. भिंग लावले.

इथे थोडे समजून घ्यायला हवे. डोळ्याच्या पुढच्या भागाला रक्त पोचवायचे तर ते मुख्यतः डोळा फिरवणाऱ्या स्नायूंच्या वाटेने येते. असे चार सरळ स्नायू, वर, खाली, आत नाकाकडे आणि बाहेर कानाकडे. त्यांच्या अंगाने बारीक धमन्या पुढे येतात, पांढऱ्यावरून बुबुळाच्या दिशेने निघतात, आणि बुबुळाच्या काठाच्या जरा अलीकडे एकदम बुडी मारतात. आत गेल्यावर एकमेकींना मिळून बुबुळाभोवती एक वर्तुळ करतात. बुबुळावरचा पारदर्शक पडदा मात्र रक्ताशिवाय राहतो, म्हणून तर त्यातून आरपार दिसते. पांढऱ्यावरच्या बाकीच्या बारीक शिरा बोटाने पापणी हलवली की सरकतात. या धमन्या सरकत नाहीत. नीट बघितले तर उतारवयात त्या जाड आणि वाकड्यातिकड्या दिसतात. चांगल्या कारागिराला त्या दाखवता आल्या पाहिजेत. त्याच्या बाकावरच्या भिंतीला याचा तक्ता होता, त्याने स्वतः पहिल्या वर्षी एका पुस्तकावरून काढलेला. चार बाजूंना दोन-दोन. आठ. सुनेचे शिक्षण याच तक्त्याने सुरू झाले होते.

वर दोन. खाली दोन. नाकाकडे दोन. बाहेर एक.

त्याने पुन्हा मोजले. बाहेर एकच. सात.

आणि त्याच्या छातीतली चरचर एकदम गोड झाली. चुकली. अखेर चुकली! बसचालकाची मॅडम, डॉक्टरीणबाईंची लाडकी, हसत हसत माप घेणारी. साधे आठ मोजता आले नाहीत. त्याला आठवले, शिकताना एकदा तिने विचारले होते, "बाबा, या आजोबांच्या इथे बाहेर एकच दिसतेय?" आणि त्याने म्हटले होते, "दिसत नाही म्हणजे नसते असं नाही." विसरली. की मुद्दाम केले? संध्याकाळी ताईसमोर सांगावे का, हळूच, हसत, 'सूनबाई, एक धागा कुठे गहाळ केलास गं?' त्याने ते वाक्य दोन-तीनदा मनात म्हणून बघितले. प्रत्येक वेळी त्यात ताई सुनेची बाजू घेऊ लागली. मग त्याने चिमटा उचलला. रेशमाचा एक तंतू उसवला, केसाच्या निम्म्या जाडीचा, ओला केला, आणि बाहेरच्या बाजूला, तिच्या धाग्याशेजारी, हलकेच निजवला. हात जरासुद्धा कापला नाही. आता या डोळ्यात त्याचे काहीतरी होते. कोणाला कळणार नव्हते, आणि सुनेचा म्हणून हा डोळा ताई पाच वर्षे मिरवील तेव्हा त्याला ठाऊक असणार होते, की तो पुरा केला मी. झाकण ठेवून तो वरच्या मजल्यावर डोळा दाखवायला गेला. जिना चढताना तो चक्क गुणगुणत होता.

"या काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आज दुसऱ्यांचे डोळे सोडून स्वतःचा आणलात? हनुवटी इथे टेकवा." प्रकाशाची चीर डोळ्यात घुसली. "एक बारीक शीर फुटलीय. घाबरण्यासारखं नाही, पंधरा दिवसांत आपोआप जाईल. खुपतंय का काही?"

"काय?"

"डोळ्यात खुपतंय का? कुसळ गेल्यासारखं?"

हनुवटी टेकवलेली असताना माणसाला खोटे बोलायला जरा जड जाते. "नाही," तो म्हणाला. मग, हुशारी दाखवायची लहर आली म्हणून, "बाहेरच्या स्नायूच्या दोनांपैकी एखादी फुटली असेल, नाही का?"

"नाही हो, ही वरची साधी शीर. त्या धमन्या खाली शाबूत आहेत. आणि बाहेरच्या स्नायूला दोन कुठल्या, काका? बाकी तिघांना दोन-दोन, त्याला एकच. एकूण सात. थांबा, तुमचाच दाखवते." त्यांनी पडदा त्याच्याकडे वळवला. दुसरा, न बिघडलेला डोळा, थाळीएवढा मोठा. "एखाद्याचं वेगळं असतं, पण बहुतेकांच्या सातच. सूनबाईंनी तर मागच्या वर्षीच विचारलं होतं मला. का, तुमच्यात काही पैज लागलीय का?"

पडद्यावर त्याचा डोळा त्याच्याकडे बघत होता. बाहेरून एकच धमनी येत होती, जाड, वाकडी, आणि बुबुळाच्या अलीकडे बुडी मारत होती. तिच्या शेजारी मोकळे पांढरे. त्याला ते पुस्तक आठवले. पान आठवले. पानावरही एकच होती. चित्र एका बाजूला लंगडे वाटते म्हणून चोवीस वर्षांच्या एका मुलाने आपल्या तक्त्यात एक जास्तीची काढली होती, कारण त्याला ते सगळीकडून सारखे, गोल, पुरे करायचे होते. आणि मग सदतीस वर्षे हजारो माणसे त्याच्यासमोर डोळे उघडे ठेवून बसली, आणि तो तक्त्याकडे बघत राहिला. ताई बसली तेव्हा तर ती खिडकीकडे बघत होती, आणि तो तिच्या जुन्या, दुधासारख्या डोळ्याकडे. सुनेला एका वर्षापूर्वीच ठाऊक होते. ती काही बोलली नाही. तक्ताही तिने तसाच राहू दिला.

"काका? रक्तदाब बघूया का?"

"नंतर येतो."

जिना उतरताना त्याला दाबयंत्राचा आवाज ऐकू येतो का ते कळेना. कानात स्वतःचेच रक्त वाजत होते. एकदा आतले आत गेले की डोळा फोडल्याशिवाय निघणार नाही. आणि पुन्हा तेच: हिसका. कोणाला न कळणारा, हळू हाताने दिलेला. सहाव्या वर्षी हात तरी कापला असेल.

तो दारात पोचला तेव्हा ताई खुर्चीत बडीशेप चघळत होती आणि सूनबाई बाकाशी हात बांधून उभी होती. झाकण काढलेले. यंत्र उघडे, थंड. पारदर्शक थराची वाटी भरलेली नव्हती.

"थांब," तो म्हणाला. धाप लागली होती. "त्यात एक धागा जास्त आहे."

"हो," सूनबाई म्हणाली.

"मी ठेवला."

"माहीत आहे, बाबा. तुमच्याइतका सरळ मला निजवता येत नाही." तिने चिमटा त्याच्याकडे केला, टोक आपल्या बाजूला धरून. "म्हटलं, तुमचा तुम्ही काढाल. म्हणून थांबले."

तिच्या आवाजात राग होता. असायलाच हवा होता. त्याला उलट बरे वाटले. त्याने चिमटा घेतला. तंतू अजून ओला होता. उचलला तेव्हा खालच्या पिवळट पांढऱ्यावर त्याची पुसटशी वाट उरली.

"काय चाललंय तुमचं सासू-सुनेसारखं?" ताई म्हणाली. "बारक्या, तुझा डोळा कसला लाल झालाय! मांजराशी भांडलास का?"

तो तिच्यासमोरच्या स्टुलावर बसला. गुडघा तिच्या गुडघ्याला लागला. "तुला माझा हात नको का झाला, ताई? खरं सांग."

ताईने बडीशेप गिळली. "हात कशाला नको होईल? तू केलेले सगळे छानच होते रे. कोणा शाळकरी मुलीला शोभतील असे." तिने चष्मा नाकावर वर सरकवला. "इतकी वर्षं तू मला त्या भिंतीकडे बघायला लावतोस. कंटाळा आला मला त्या भिंतीचा. ही म्हणते, माझ्याकडे बघा. बस, एवढंच."

सूनबाई वळून वाटीत पूड आणि द्रव कालवू लागली. तंतूची वाट झाकायला आता पुन्हा रंगाचा एक हात द्यावा लागणार होता, आणि तो कोणी द्यायचा हे तिने विचारले नाही. कुंचला तिने स्वतःच घेतला. ते बघून त्याची ती जागा चरचरली, अगदी नेमाने. त्याने तिला चरचरू दिले. भिंग डोळ्याला लावले आणि ताईचा चष्मा दोन्ही काड्यांना धरून अलगद काढला.

"खिडकीकडे?" ताईने सवयीने विचारले, आणि मान वळू लागली.

"नाही. माझ्याकडे बघ."

तिने बघितले. तिचा उजवा डोळा, चौसष्ट वर्षांचा, पिवळसर, कोपऱ्यात थोडा ओला, त्याच्या लाल डोळ्याच्या अगदी समोर आला. त्याने वरून सुरुवात केली आणि लहान मुलासारखे ओठ हलवत मोजू लागला. वर दोन. खाली दोन. नाकाकडे दोन. आणि बाहेर, कानाच्या बाजूला, त्याला वाटले होते त्यापेक्षा कितीतरी वाकडी, एकच.

"झालं का रे मोजून?" ताई म्हणाली.

"नाही," तो म्हणाला. "हलू नकोस. पुन्हा मोजतो."